रक्ताचा आजार, जिवाचा घोर

रक्ताच्या दुर्मीळ कर्करोगासोबत नैराश्य आणि चिंता येतात, तेव्हा त्या बहुतेक वेळा कर्करोगाच्याच खात्यावर मांडल्या जातात. थकवा आहे, कारण रक्ताचा आजार आहे. झोप नाही, कारण रात्री घाम फुटतो. जेवण जात नाही, कारण पानथरी वाढली आहे. प्रत्येक तक्रारीला रक्तातले उत्तर मिळते आणि मनाकडे बघायचे राहून जाते. २०११ मध्ये ॲलेक्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त १४ देशांतल्या ७० अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कर्करोग आणि रक्तविकार विभागांत उपचार घेणाऱ्या १०,०७१ रुग्णांच्या त्या आढाव्यात १६.३ टक्के रुग्णांना निदान करण्याजोगे नैराश्य होते आणि १०.३ टक्क्यांना चिंताविकार. म्हणजे कर्करोगाच्या ओपीडीबाहेर बाकड्यांवर बसलेल्या साधारण सहा जणांमागे एकाला नैराश्याचेही उपचार हवे असतात.

वाशिम जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०, आणि पाचांपैकी चार जण खेड्यात राहणारे. इथल्या रुग्णाचा रक्तविकारतज्ज्ञ बहुधा नागपूरला किंवा मुंबईला असतो. मनाचा इलाज मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी दवाखान्यात आहे. दूरच्या डॉक्टरकडे जाण्यासाठी घर कामाला लागते, प्रसंगी वावर गहाण पडते. जवळच्या डॉक्टरच्या दारात मात्र कोणी पाऊल टाकत नाही. या रुग्णांच्या दुखण्याचा मोठा भाग या उलट्या हिशेबातून येतो, आणि तो कमी करता येण्याजोगा आहे.

आजार कोणता

दुर्मीळ रक्तकर्करोगांत मायलोप्रोलिफरेटिव्ह निओप्लाझम हा गट मनाच्या दृष्टीने फार अवघड आहे, कारण तो वर्षानुवर्षे सोबत राहतो. हाडांच्या पोकळीतली मज्जा गरजेपेक्षा जास्त रक्तपेशी तयार करू लागते. तांबड्या पेशी बेसुमार वाढल्या तर पॉलिसायथेमिया व्हेरा, प्लेटलेट्स वाढल्या तर इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, आणि मज्जेत तंतूंचे जाळे माजून ती निकामी होऊ लागली तर मायलोफायब्रोसिस. विल्यम डेमशेक यांनी १९५१ मध्ये हे आजार एका कुळातले असल्याचे मांडले. २००५ मध्ये जॅक-२ या जनुकातला बदल सापडला. पॉलिसायथेमियाच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत आणि उरलेल्या दोन आजारांच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तो आढळतो. हा बदल आयुष्यात केव्हातरी मज्जेतल्या एका पेशीत घडतो. तो सहसा पिढीजात चालत येत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत तर नाहीच. मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून निदान लपवणाऱ्या घरांना हे वाक्य डॉक्टरने स्वतःहून सांगायला हवे.

पाश्चात्त्य देशांत यातल्या एकेका आजाराचे नवे रुग्ण लाखामागे वर्षाला एक-दोन किंवा त्याहून कमी सापडतात. तेच प्रमाण धरले तर वाशिमसारख्या बारा लाखांच्या जिल्ह्यात वर्षाला मोजकेच. मधुमेह झालेल्या माणसाला गल्लीत चार सोबती भेटतात. या रुग्णाला तालुक्यात दुसरा सहजासहजी भेटत नाही. विदर्भात ‘रक्ताचा आजार’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात सिकलसेल येतो. त्यामुळे गावात आजाराचे नाव सांगून काही उलगडत नाही. आजाराची सोबत नसणे हेच चिंतेला खतपाणी घालते.

निदानातला गोंधळही मनावर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या वर्गीकरणात या गटाला आजाराऐवजी निओप्लाझम, म्हणजे कर्करोगाच्या जातीतली वाढ, असे ठरवले. जुन्या वळणाचा डॉक्टर सांगतो, ‘हा कॅन्सर नाही, रक्त जरा दाट झाले आहे.’ मोठ्या शहरातल्या कागदावर कॅन्सर लिहिलेले असते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात, पण रुग्णाला वाटते की कोणीतरी आपल्यापासून काहीतरी लपवते आहे. बरेचदा लपवलेलेही असते: फाइल मुलाच्या हातात, चर्चा दाराबाहेर, आणि खाटेवरचा माणूस सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत राहतो. ज्याला काहीच सांगितलेले नसते तो आजाराची सगळ्यात वाईट बाजू स्वतःच रचतो.

शरीरातून मनात

या आजारांत थकवा ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे. अमेरिकेतल्या रुबेन मेसा आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या लक्षणपत्रकात दहा तक्रारींना शून्य ते दहा गुण द्यायचे असतात: थकवा, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, पोटाची अस्वस्थता, मरगळ, लक्ष न लागणे, रात्रीचा घाम, खाज, हाडांचे दुखणे, ताप, वजन घटणे. यातल्या निम्म्या तक्रारी नैराश्याच्या यादीतही बसतात. हे केवळ योगायोगाने जुळलेले नाही. या आजारांत शरीरभर सौम्य दाह सुरू असतो आणि दाह पसरवणारी सायटोकाइन नावाची रसायने रक्तात वाढलेली असतात. त्याच रसायनांचा थकवा, झोप आणि उदासी यांच्याशी संबंध आहे. ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला म्हणूनच तोकडा पडतो. मन ज्या मेंदूत राहते तोही याच रक्तावर चालतो.

पॉलिसायथेमियातली खाज हा वेगळाच छळ आहे. अंघोळीनंतर, विशेषतः गरम पाण्याने, अंगभर टोचल्यासारखे होते. अंगावर पुरळ दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना ते पटत नाही. रुग्ण अंघोळ टाळू लागतो, मग चारचौघांत जाणे टाळू लागतो.

उपचारही गैरसमजाला वाव देतात. पॉलिसायथेमियात ठरावीक दिवसांनी शिरेतून रक्त काढतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवले तर गुठळ्यांचा धोका बराच कमी होतो, हे इटलीतल्या एका चाचणीने २०१३ मध्ये दाखवले. पण ज्या भागात बाईमाणसाच्या अंगात रक्त कमी असणे ही घरोघरची कथा आहे, तिथे रक्त काढून टाकणे म्हणजे अंगातली ताकद काढून घेणे वाटते. पुढे लोह कमी होते, त्यानेही थकवा आणि चिडचिड वाढते. गावातला डॉक्टर चांगल्या हेतूने लोहाच्या गोळ्या लिहितो आणि रक्त पुन्हा दाट होते. रक्त का काढतात आणि लोहाची गोळी परस्पर का घ्यायची नाही, हे पाच मिनिटांत सांगता येते. त्या पाच मिनिटांनी भीतीही उतरते.

काही औषधे थेट मनावर उतरतात. इंटरफेरॉनची इंजेक्शने या आजारांत उपयोगी आहेत, पण त्यांनी नैराश्य येऊ शकते आणि आधीचे असेल तर ते उफाळू शकते. थायरॉइडही बिघडू शकते. स्टेरॉइडने झोप उडते, कधी उगाच उत्साह, कधी रडू येते. पूर्वी कधी मनाचे औषध घेतले असेल, घरात कोणी आत्महत्या केली असेल, तर ते इंटरफेरॉन सुरू होण्याआधीच डॉक्टरला सांगायला हवे. इथे लाज धरणे महागात पडते.

आणि मग रिपोर्टची भीती. दर काही आठवड्यांनी रक्त द्यायचे, संध्याकाळी लॅबमधून व्हॉट्सॲपवर कागद येतो, आकड्यांपुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ किंवा ‘कमी’ची खूण असते. तपासणीच्या आठ दिवस आधीपासून जीव घाबरतो, रिपोर्ट बरा आला की चार दिवस बरे जातात, पुन्हा पुढची तारीख जवळ येते. या आजारांत आकडे थोडे वर-खाली होतातच. एका आकड्यावरून काही ठरत नाही, तीन-चार तपासण्यांचा कल पाहतात. दोन तपासण्यांमध्ये किती फरक पडला तर फोन करायचा, हे डॉक्टरकडून आकड्यांत लिहून घेतले तर रोजची धाकधूक बरीच कमी होते.

मोबाइलवर आजाराचे नाव टाकले की आयुष्याचे आकडे समोर येतात. मायलोफायब्रोसिसपुढे लिहिलेली वर्षे वाचून हात गळतात. हे आकडे मध्यकाचे असतात, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगलेले असतात. शिवाय ते नव्या औषधांच्या आधीच्या काळातल्या रुग्णांवरून काढलेले असू शकतात. पॉलिसायथेमिया आणि थ्रॉम्बोसायथेमियाचे कित्येक रुग्ण दशकानुदशके जगतात. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा दुर्मीळ कर्करोग झाला, तेव्हा मध्यक आठ महिन्यांचा होता. संख्याशास्त्र जाणणाऱ्या गूल्ड यांनी त्या आकड्याच्या उजवीकडची लांबलचक शेपटी पाहिली, १९८५ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि ते २००२ पर्यंत जगले. सगळेच गूल्ड होत नाहीत हे खरे. पण आकडा कसा वाचायचा हे ठाऊक असणे हाही उपचाराचा भाग आहे.

मराठी वाचकाला कर्करोगाच्या कहाण्या बहुधा लढाईच्या रूपात भेटतात. अभिनेते शरद पोंक्षे हॉजकिन्स लिम्फोमातून बरे होऊन रंगभूमीवर परतले आणि त्यांनी ‘दुसरं वादळ’ हे पुस्तक लिहिले. त्या उपचाराला सुरुवात असते, केमोच्या ठरावीक फेऱ्या असतात आणि शेवट असतो. मायलोप्रोलिफरेटिव्ह आजारात शेवटची फेरी नसते. लढून जिंकलेल्यांच्या कहाण्या ऐकून अशा रुग्णाला कधीकधी वाटते की आपणच कमी पडलो. त्याला हवी असते ती मधुमेह किंवा दमा सांभाळणाऱ्याची चिकाटी, आणि घरच्यांनी ‘बरा कधी होणार’ हा प्रश्न सोडून देणे.

ओळखायचे कसे

थकवा रक्ताचा की मनाचा, हे एका प्रश्नाने सुटत नाही. तरी काही खुणा आहेत. रक्ताच्या थकव्यात मन होते, अंग साथ देत नाही: पेरणीला जायचे असते, बांधापर्यंत चालले की बसावे लागते. नैराश्यात अंगात थोडी ताकद असलेल्या दिवशीही मन होत नाही. पोळ्याला बैल सजवायचा उत्साह नाही, नातवंड मांडीवर बसले तरी काही वाटत नाही, भजनाला बोलावले तर नको म्हणतो. पहाटे तीन-चारला जाग येते आणि त्या वेळी सगळ्यात वाईट वाटते. आपण घराला ओझे आहोत, माह्यापायी वावर गेलं, असे विचार फिरून फिरून येतात. यातल्या काही गोष्टी सलग दोन आठवडे, जवळपास रोज असतील तर तपासणी करायला हवी.

वाशिमच्या ओपीडीत ‘मी उदास आहे’ असे सहसा कोणी म्हणत नाही. जीव लागत नाही, डोकं सुन्न होते, छातीत धडधड होते, जिवाले घोर लागला आहे, असे सांगितले जाते. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरच्या बायका घरात गोरमाटी बोलतात. त्यांचे दुखणे त्यांच्याच बोलीत विचारणारी आशा ताई असेल तर बरेच बाहेर येते.

प्रश्नावल्यांत पीएचक्यू-९ ही २००१ पासून वापरात असलेली नऊ प्रश्नांची यादी सगळ्यात परिचित आहे. २७ पैकी दहा किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करतात. तिची अडचण अशी की झोप, भूक, थकवा यांचे प्रश्न रक्ताच्या आजारातही ‘हो’ येतात. अशी अडचण आधीच ओळखून लीड्सच्या झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांसाठी चौदा प्रश्नांची वेगळी मोजपट्टी बनवली आणि शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या: सात प्रश्न चिंतेचे, सात उदासीचे. रक्तकर्करोगाच्या रुग्णासाठी ही दुसरी पट्टी जास्त उपयोगी. तीही हाताशी नसेल तर दोनच प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा निराश होते का, आणि ज्यात रस वाटायचा त्यातला रस गेला का. या दोन प्रश्नांनी मायलोप्रोलिफरेटिव्ह रुग्णांची इंटरनेटवरून एक मोठी पाहणी झाली, तिच्यात पाव हिश्श्याच्या जवळपास रुग्ण नैराश्याच्या रेषेपलीकडे निघाले.

मनाचे निदान पक्के करण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ पाहून घ्यावे. बिघडलेले थायरॉइड नैराश्याचे सोंग हुबेहूब घेते.

दूरचा डॉक्टर, जवळचा डॉक्टर

वाशिमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, संत तुकाराम कर्करोग रुग्णालय आहे. नागपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास; तिथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि एम्स. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर. बरेच जण अकोल्यापर्यंत एसटीने किंवा पूर्णा–अकोला मार्गावरच्या गाडीने जातात आणि तिथून मुंबईची गाडी धरतात. रेल्वेत उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला लागतो. परळला उतरल्यावर राहायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी त्याचे उत्तर वर्षानुवर्षे दिले आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. वऱ्हाडातून गेलेल्या रुग्णाला त्या नावाखाली झोपायला जागा मिळते, याचा आधार सांगून कळणार नाही.

खर्चाचा मोठा भाग सरकारी योजनेतून निघू शकतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. मात्र ती मुख्यतः रुग्णालयात होणाऱ्या उपचारांसाठी आहे; रोजच्या गोळीचा, प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार घरावरच राहतो. कर्करोगामुळे काम करू न शकणाऱ्या गरीब रुग्णाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा पैसे मिळू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात. नैराश्याचा विचार करताना हा अर्ज क्षुल्लक वाटेल. पण स्वतःच्या नावावर दर महिन्याला काहीतरी जमा होते, या एका गोष्टीने ओझे असल्याची भावना हलकी होते.

आता जवळचा डॉक्टर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयाच्या ठिकाणी त्याचे पथक असते: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता. तपासणी आणि औषधे सरकारी दरात किंवा मोफत. वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या इतर नऊ नव्या महाविद्यालयांसोबत त्याचे उद्घाटन झाले. महाविद्यालय रुजेल तसा मनोविकार विभाग वाढेल, अशी अपेक्षा ठेवायला जागा आहे.

वाशिमला मनाचा प्रश्न शेतीच्या वाटेने आधीच ओळखीचा झालेला आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात वाशिम होता. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा ताई घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबातल्या माणसाची मानसिक स्थिती विचारतात, गरजूला समुपदेशकाकडे पाठवतात. ही यंत्रणा कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी उभी राहिली. रक्तकर्करोगाचा रुग्णही बहुधा शेतकरीच असतो आणि उपचारापायी कर्जबाजारीही. त्याला तिच्या यादीत घेण्यासाठी नवी योजना लागत नाही. आशा ताईला त्याचे घर दाखवावे लागते.

अशा गावपातळीच्या कामाने काय होते, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. संगाथ संस्थेने तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम राबवला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचे, समुपदेशकाने पुढची मदत करायची, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाने पाहायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आधीचा आकडा नीट वाचावा: शंभरातले पंचाण्णवहून अधिक लोक कोणाकडेही गेलेले नव्हते. माणसे इलाज नाकारत नव्हती. इलाज आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नव्हते.

एक उणीव तरीही राहते. मुंबईच्या कागदावर मनाचा उल्लेख नसतो आणि वाशिमच्या मनोविकारतज्ज्ञासमोर रक्ताची फाइल नसते. दोन्हीकडचे सगळे कागद एकाच पिशवीत ठेवून दोन्ही ठिकाणी दाखवावेत. चालू गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून पहिल्या पानाला लावावी. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील तर निदान त्यांचे कागद बोलतील.

बोलण्याचा इलाज

सौम्य आणि मध्यम नैराश्यात बोलण्याच्या उपचाराने चांगला फरक पडतो. तो देण्यासाठी मोठी पदवी लागतेच असे नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सामान्य पार्श्वभूमीच्या माणसांना प्रशिक्षण देऊन सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम चालवला. २०१७ च्या निष्कर्षांत तो मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते, पण पद्धत रक्ताच्या रुग्णाला विशेष मानवणारी आहे, कारण ती कामांच्या लहान तुकड्यांवर उभी आहे.

या पद्धतीत समुपदेशक आधी दिवसाचा तक्ता मांडून घेतो: कोणत्या वेळी काय केले, आणि त्या वेळी कसे वाटले. उदास माणूस कामे सोडत जातो, कामे सोडल्याने दिवस रिकामा होतो आणि रिकाम्या दिवसात विचार वाढतात. हे चक्र कागदावर दिसले की त्यातले एक काम निवडायचे, इतके लहान की वाईट दिवशीही जमेल. सोयाबीनच्या मळणीला उभे राहणे जमणार नाही; पोती मोजून वहीत लिहिणे जमेल. रक्ताच्या थकव्यात सकाळचे दोन तास बरे असतील तर महत्त्वाचे काम तिथे ठेवायचे, दुपारी विश्रांती घ्यायची आणि तिच्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचे नाही. घरच्यांनी ‘तुम्ही बसा, काही करू नका’ म्हणत सगळी कामे काढून घेणे हे प्रेमाचे असले तरी अपायाचे आहे.

चिंतेसाठी वेगळी तंत्रे आहेत: विचार लिहून त्याला पुरावा काय हे तपासणे, काळजीसाठी दिवसातली पंधरा मिनिटे ठरवून उरलेल्या वेळी तो विचार पुढे ढकलणे, श्वास सावकाश सोडणे. विवेकनिष्ठ मानसोपचाराची परंपरा मराठीत रुजलेली आहे, ठाण्यातली डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था १९९० पासून हे काम करते आहे. अमेरिकेत मायलोप्रोलिफरेटिव्ह रुग्णांवर ऑनलाइन योगाचे छोटे प्रयोग झाले आणि घरी बसून योग करणे त्यांना जमते असे दिसले. एक काळजी मात्र घ्यायची: पानथरी वाढलेली असेल तर पोटावर दाब येणारी आसने आणि पोते उचलणे टाळावे.

याच कुळातल्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांनी सोबतीचा प्रश्न एकमेकांच्या आधाराने सोडवला. २००१ मध्ये इमॅटिनिब आले आणि त्या आजाराचे रूप बदलले; गोळी रोज, वर्षानुवर्षे घ्यायची. भारतातल्या रुग्णांचा ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ या नावाचा गट उभा राहिला. शहरोशहरी बैठका, गोळी का चुकवायची नाही यावर बोलणे, नव्या रुग्णाला जुन्या रुग्णाने धीर देणे असे त्याचे स्वरूप आहे. मुंबईची व्ही केअर ही संस्था वंदना गुप्ता यांनी स्वतःच्या कर्करोगानंतर १९९४ मध्ये सुरू केली. वाशिमच्या रुग्णाला तालुक्यात सोबती नसला तरी नागपूर-मुंबईच्या ओपीडीत असतो. तिथे दोन फोन नंबर घेऊन यावेत.

गोळ्या आणि खबरदारी

नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर औषध लागते. फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम, ॲमिट्रिप्टिलिन ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतली आहेत. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये, आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नये.

रक्तकर्करोगात औषध निवडताना काही गोष्टी वेगळ्या असतात. फ्लुऑक्सेटिनच्या गटातल्या औषधांनी रक्तस्राव थोडा वाढू शकतो. पॉलिसायथेमियाचा रुग्ण बहुधा ॲस्पिरिन घेत असतो, त्यामुळे हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग यांवर लक्ष ठेवायचे. प्लेटलेट्स फार वाढल्या तरीही रक्तस्राव होऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसते. कार्बामाझेपिन आणि क्लोझापिन मज्जेवर परिणाम करू शकतात, शक्यतो टाळावीत. कार्बामाझेपिन या रक्ताच्या आजारांवरच्या रुक्सोलिटिनिब, इमॅटिनिब यांसारख्या औषधांचा रक्तातला अंशही घटवते. रुक्सोलिटिनिब महाग आहे म्हणून किंवा निराशेने ते अचानक बंद केले तर लक्षणे झपाट्याने, कधी धोकादायक रीतीने उसळतात. मन खचलेला माणूस आधी गोळ्या चुकवतो. म्हणून नैराश्याचा उपचार हा रक्ताच्या उपचाराचाच भाग आहे.

दुसऱ्या बाजूला एक सुखद गोष्ट आहे. पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्यांनी पॉलिसायथेमियाची खाजही शमते, असे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात दिसले. मिर्टाझापिन झोप आणि भूक दोन्ही सुधारते, त्यामुळे वजन घटलेल्या मायलोफायब्रोसिसच्या रुग्णात त्याचा विचार होतो. मनाची गोळी म्हणून नाक मुरडणाऱ्या रुग्णाला हे सांगितले की तो ती घ्यायला तयार होतो.

झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणण्याची सवय गावोगाव आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लवकर जडते, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, आणि प्लेटलेट्स कमी असतील तर साधे पडणेही जिवावर बेतते. दारूचेही तसेच.

घरातली माणसे, आणि वाईट रात्री

रुग्णाची बायको, सून किंवा मुलगी दवाखान्याच्या रांगेत उभी राहते, रात्री घामाने भिजलेली चादर बदलते आणि सकाळी निंदणाला जाते. तिला कोणी कसे आहे विचारत नाही. रुग्णाला विचारायचे दोन प्रश्न तिलाही विचारावेत. शक्य तिथे दवाखान्याची पाळी दोघांत वाटावी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे सोबतीला बाईमाणूस पाठवणे थोडे सोपे झाले आहे. पण सगळा भार तिच्यावरच टाकायला ते कारण होऊ नये.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध घरातून हलवून कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावे. गोळ्यांचा साठाही घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो आणि मराठीत बोलता येते. धोका समोर दिसत असेल तर १०८ ला बोलावून जिल्हा रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये: २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरते आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकते.

काही रुग्णांत आजार पुढे सरकतो, मायलोफायब्रोसिस वाढतो किंवा त्याचे तीव्र ल्युकेमियात रूपांतर होते. तेव्हा वेदनाशामक सेवा लागते. ती शेवटच्या आठवड्यात बोलवायची नसते. टाटा रुग्णालयात हा विभाग १९९६ पासून आहे आणि वेदना, श्वास, झोप, भीती या सगळ्यांवर तो उपचार करतो. मुंबईला अखेरची फेरी मारायची की घरी राहायचे, हा निर्णय रुग्णाला विचारून व्हावा, आणि तो विचारता येईल इतकी त्याची शुद्ध असताना व्हावा. घरी राहायचे ठरले तर वेदनेच्या गोळ्या, बद्धकोष्ठाचे औषध आणि रात्रीच्या बेचैनीचे औषध आधीच आणून ठेवायचे, आणि कोणत्या त्रासाला कोणती गोळी हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावायचे.

माणूस गेल्यावर घरातल्यांचे दुःख स्वाभाविक असते आणि बहुतेकांत ते हळूहळू निवळते. सहा महिन्यांनंतरही कोणी तसेच खिळून राहिले असेल, कामाला हात लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचे सध्याचे वर्गीकरण त्याला उपचारयोग्य आजार मानते. त्याची तपासणीही वाशिमच्या त्याच ओपीडीत होते.